दिवाबत्तीची सोय
(कलशारोहण समारंभातील भाषण)



समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी वक्ता नव्हे, तहसील कचेरीतला कारकून. तेव्हा बोलणे हिशेबाचेच होणार, सांभाळून घ्यावे.

जुन्या दप्तरांत देवस्थान इनामांच्या, म्हणजे वर्ग ३ च्या, नोंदी सापडतात. देवळाच्या दिवाबत्तीसाठी जमीन लावून दिलेली असते. दगडाला पैसा एकदा लागतो, नंदादीपाला तेल रोज लागते, हे त्या माणसांना कळत होते.

गेल्या वर्षी माझे वडील कर्करोगाने गेले. मोठ्या दवाखान्यात ‘आता घरी न्या’ म्हणाले. पुढचे दोन महिने आई उशाशी बसून होती. मॉर्फिनची गोळी महाग नाही, पण तालुक्यात मिळेना. त्यांना बरे करणे कोणाच्या हाती नव्हते. पाठीची जखम धुवायला आठवड्यातून दोनदा कोणी जाणते आले असते, तरी पुष्कळ होते.

अशा रोग्यांसाठी मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन निघाले. भारतातले हे पहिले. तेथे रोग्याकडून पैसा घेत नाहीत. पण मुंबईचे दाते आपल्याला कुठले! आपल्याला झेपेल असे उदाहरण केरळचे आहे. कालिकतच्या मेडिकल कॉलेजात १९९३ साली डॉक्टरांनी या कामाची संस्था काढली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावकऱ्यांनीच काम उचलले. स्वयंसेवक शिकून तयार झाले, परिचारिका घरोघर जाऊ लागली. पैसा जमला तो दुकानांतल्या डब्यांतून आणि लोकांच्या लहान लहान वर्गणीतून. देणारे पुष्कळ, म्हणून एक थांबला तरी गाडी अडत नाही. २००८ साली तेथील सरकारने धोरण ठरवले आणि ग्रामपंचायतीही यात आल्या.

आपल्याकडे खोली बांधायला देणगी मिळते, कारण भिंतीवर पाटी लागते. परिचारिकेच्या पगारावर पाटी कुठे लावणार? दोष कोणाला देत नाही. सभामंडपाच्या फरशीवर माझ्या वडिलांचेही नाव आहे.

जीर्णोद्धाराची घरटी वर्गणी आपण तीन वर्षे न चुकता दिली. पावत्या मीच लिहिल्या. ती आज बंद होते. त्यातले महिना पन्नास रुपये चालू ठेवावेत, ही विनंती. चारशे उंबऱ्यांचे वीस हजार होतात. परिचारिका, औषधे, गाडीचे पेट्रोल एवढ्यात भागणार नाही, शेजारची चार-पाच गावे जोडावी लागतील. मोठी देणगी आली तर कायम ठेवीत टाकावी, पण नुसत्या व्याजावर विसंबू नये. खर्च वाढत जातो, ठेव तेवढीच राहते.

हा पैसा देवस्थानच्या खात्यात मिसळता येणार नाही. धर्मादाय आयुक्तांकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागेल. तोवर मी पैसे घेणार नाही, फक्त नावे लिहून घेतो. वही प्रसादाच्या टेबलाशी ठेवली आहे. पहिले नाव आईने सांगून लिहवले आहे.