लवकर म्हातारा होणारा उंदीर



दिवाळीच्या सुमारास
बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात.
गावात मागे राहतात आजी-आजोबा.
त्यांना विसर पडू लागला,
तर लक्षात कुणाच्या येणार?

हा विसर कसा सुरू होतो,
हे शोधायला एका उंदराची मदत होते.
नाव सॅम्प-८.
जपानच्या क्योटो विद्यापीठात
तोशिओ ताकेदा यांनी ही जात वाढवली.
साधा उंदीर दोनेक वर्षं जगतो.
हा साधारण वर्षभरच.
आणि त्याआधीच त्याची आठवण जाऊ लागते.

परीक्षा अशी.
पाण्याच्या हौदात एक चौथरा बुडवून ठेवतात.
साधा उंदीर सरावानं तो शोधतो.
सॅम्प-८ चं वय वाढलं,
की शिकलेली जागा त्याला सापडत नाही.
त्याच्या मेंदूत अमायलॉइड प्रथिन वाढलेलं आढळतं.
माणसाच्या अल्झायमर या विसराच्या आजारातही हेच साचतं.

आठवण लवकर जाते,
म्हणून अभ्यास लवकर होतो.
पण उंदराला लागू पडलेलं औषध
माणसाला लागू पडेलच असं नाही.
म्हणून स्मरणशक्तीच्या औषधांच्या जाहिरातींना भुलू नका.

आजी तेच पुन्हा पुन्हा विचारतात?
ओळखीची वाट चुकतात?
वय झालं म्हणून सोडू नका.
बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं, थायरॉईड बिघडलं,
तरी विसर पडतो.
त्यावर उपचार आहेत.
अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखवा.
चालू औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर न्या.