पुडीतलं रसायन



घरी रसायनाचे प्रयोग करू पाहणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न असतो, साहित्य आणायचं कुठून? माझं सांगणं, आधी काष्ठौषधींचं दुकान गाठा. ‘अमोनियम क्लोराइड’ मागाल तर दुकानदार गोंधळेल, नवसागर मागा. तिथेच तुरटी, टाकणखार, हिराकस मिळेल. आणि पुडी घेताना विचारा, हे एरवी कोण नेतं?

नवसागर कल्हईवाले नेतात. तापलेल्या भांड्यावर त्याची पूड पडली की पांढरा धूर उठतो. उष्णतेनं नवसागराचं विघटन होतं, त्यातलं आम्ल तांब्या-पितळेवरचा ऑक्साइडचा थर काढतं आणि कथील स्वच्छ धातूला धरतं.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, कृषी सेवा केंद्रात मिळतं. द्राक्षबागेत किंवा कोकणात सुपारीवर फवारायला एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण करतात. त्याला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना लागतो. चुना पुरेसा पडला का, हे बघायला शेतकरी त्यात लोखंडी विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला! लोखंड विरघळतं आणि द्रावणातलं तांबं पात्यावर येऊन बसतं. शाळेच्या पुस्तकात ‘विस्थापन अभिक्रिया’ म्हणून खिळ्याचा जो प्रयोग असतो, तोच हा. शिक्षकांनी तो शिकवताना विळ्याची गोष्ट जरूर सांगावी, असं मला फार वाटतं.

मोरचूद मात्र विषारी आहे. त्याला स्वयंपाकाची भांडी वापरू नका, उरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका, मासे मरतात. मोठं माणूस शेजारी हवंच.

ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं निर्बंध घातले. ओळखपत्र लागतं, नोंद होते, अठरा वर्षांखालच्यांना ते विकता येत नाही. हे योग्यच झालं. सुरुवातीच्या प्रयोगांना लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर पुरतं.

राहता राहिली शुद्धतेची गोष्ट. बाजारातल्या तुरटीत माती-कचरा असतोच. म्हणून पहिला प्रयोग तिचाच करा. गरम पाण्यात विरेल तेवढी तुरटी विरवा, फडक्यातून गाळा आणि रात्रभर न हलवता ठेवा. थंड पाण्यात तुरटी फार कमी विरते, त्यामुळे जादा तुरटी स्फटिक होऊन तळाशी बसते. विरलेला मळ बहुतेक वरच्या पाण्यात राहतो. ते पाणी हलकेच ओतून टाका.