ताण: मोसंबीचा आणि पळसाचा

आजचा भाग आपल्या राजूरवरून. गणपतीचं राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. चतुर्थीला टेकडी चढून दर्शन घेतलंय ना? मग एप्रिलमध्ये आजूबाजूचं रान कसं दिसतं तेही पाहिलं असेल. निम्मी झाडं नुसते सांगाडे. आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "वाळलं रे हे, तोडून टाकू."

थांबा. ते झाड वाळलेलं असेलच असं नाही.

जालन्यात कुणाला "ताण" शब्द समजावून सांगायची गरज नाही. मोसंबीवाल्याच्या घरात तो रोजचाच. आंबे बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. नवी वाढ थांबते, झाडात अन्न साठतं. मग पाणी सोडलं की फुलांनी बाग भरते. मृग बहाराला ताण उन्हाळ्यात आणि पाणी पावसाचं. म्हणजे आपले शेतकरी झाडाला मुद्दाम तहान लावतात, पण किती लावायची हे त्यांना माहीत असतं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत जास्त दिवस लागतात.

रानातल्या झाडाला मात्र कॉक नाही. पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, पुढचे आठ महिने स्वतःचं स्वतः बघायचं.

आता झाडाच्या आत काय होतं बघा. मुळापासून पानापर्यंत पाण्याचा एक सलग धागा असतो. पानातून वाफ उडते आणि हा धागा वर ओढला जातो. जमीन कोरडी पडली की ओढ वाढते, धागा ताणला जातो, आणि एका क्षणी नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. ती नळी निकामी. अशा बऱ्याच नळ्या गेल्या की फांदी मरते. म्हणून झाड आधी पानावरची बारीक छिद्रं मिटतं. पण छिद्रं मिटली की हवाही आत येत नाही, अन्न बनवणं मंदावतं. तहान वाचवायची तर उपास घडतो. तेही पुरलं नाही, की पानंच टाकायची.

इथे प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. सलईचं लाकूड मऊ. ती जोखीम घेत नाही, लवकर पानं टाकून मोकळी होते. धावड्याचं लाकूड कठीण. तो जास्त ओढ सोसतो, पानं जास्त दिवस धरतो. आणि पळस? मला तो सगळ्यात हुशार वाटतो. पानं टाकली की वाफ उडणं जवळजवळ थांबतं, खोल मुळं जे थोडंफार पाणी ओढतात ते खोडात परत भरतं, आणि त्याच्याच जोरावर फेब्रुवारी-मार्चमध्ये भगवी फुलं! पाऊस यायच्या आधीच नवी पानंसुद्धा.

मोसंबीला हे जमत नाही. ती सदाहरित, सगळी पानं टाकून गप्प बसणं तिच्या स्वभावात नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या बागा जळाल्या, लोकांनी टँकरवर पैसे ओतले, शेवटी कित्येकांनी कुऱ्हाड चालवली. ज्यांनी फांद्या छाटल्या, फळं काढून टाकली, बुंध्याशी पाचट पसरलं, त्यांनी खरं तर पळसाचंच काम झाडाच्या वतीने केलं: खर्च कमी. फळं तोडताना हात किती जड होतो, हे बागवाल्यालाच ठाऊक.

तर मंडळी, बांधावरचं झाड वाळलंय असं वाटलं तर कुऱ्हाडीआधी नख वापरा. बारीक फांदीची साल थोडी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी दिसलं तरी एकाच फांदीवर निकाल देऊ नका, खाली बुंध्याजवळ बघा. आणि तरीही शंका असेल तर मृगाचे दोन पाऊस होऊ द्या.

तुमच्या बांधावरचं असं झाड असेल तर व्हॉइस नोट पाठवा, कोणतं झाड ते सांगायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात.