तुषार संचातून बुरशीनाशक? आधी हिशेब करा

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की इंदापूर-बारामतीच्या काळ्या रानात ट्रॅक्टर घालता येत नाही, मजूर मिळत नाहीत, आणि द्राक्षावरची डाऊनी (केवडा) काही थांबत नाही. मग उसावरचा तुषार संच द्राक्षबागेत आणून त्यातूनच बुरशीनाशक सोडण्याचा विचार डोक्यात येतो. माझ्या मते तो सोडून द्यावा. एकरभर रानावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४००० लिटर. भरल्या बागेत ब्लोअरने एकरी साधारण ४०० लिटर द्रावण पुरतं. म्हणजे संचातून एवढंसं पाणी पडलं, तरी ते दहापट झालं. औषध तेवढंच ठेवलं तर द्रावण दहापट पातळ होतं. तीव्रता राखायची तर औषध दहापट लागतं, आणि त्यातलं बरंचसं दोन ओळींमधल्या मातीला मिळतं. शिवाय डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरते. तुषाराचे जाड थेंब वरून पडून ओघळतात. खालची बाजू कोरडीच राहते. वरून भिजलेली बाग डाऊनीला आवडते, ते वेगळंच.

कुणी म्हणेल, आंतरप्रवाही औषध तर पानात भिनतं ना? भिनतं, पण पानावर टिकलं तर. ओघळून उरलेल्या औषधाचे असे कमी मात्रेचे डोस वारंवार बसले की औषधाला दाद न देणारी बुरशीच मागे उरते. अमेरिकेत सफरचंदाच्या बागांत असे प्रयोग झालेत, हेही खरं. पण तिथे झाडाच्या पानोऱ्यातच बारीक नोझल कायमचे बसवतात आणि काही सेकंदांचा मोजून फवारा देतात. आपल्या उसावरच्या संचाला ते जमायचं नाही. डाळिंबात तर धोका दुहेरी आहे. तेल्या हा जिवाणूंचा रोग, बुरशीनाशकाने तो मरत नाही, उलट उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो.

मुळांच्या रोगांची गोष्ट वेगळी. त्यासाठी लेबलवर आळवणीची शिफारस असेल, तर औषध ठिबकमधून देता येतं. मात्र पाणी उलटं विहिरीत जाऊ नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. आणि रान ओलं असताना डाऊनी आलीच, तर बांधावर एचटीपी पंप ठेवा, लांब नळी ओढा आणि गन खालून वर धरून पानांची पाठ भिजवा. वेळ जास्त जाईल, पण औषध नेमकं पोहोचेल. आणि काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची हे लेबलवर पाहूनच औषध निवडा, कारण निर्यातीच्या मालात उर्वरित अंश तपासले जातात.