नवस नव्हे!



सकाळी गेटवर निम्म्यांनी मला ओळखलं नाही. उरलेल्यांनी विचारलं, "यल्लम्माला नवस बोललायस काय रे?" म्हणून सांगतो.

पाचवीत मी जुडा बांधून यायचो. १९८४ च्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आलो तो केस कापूनच. जतमध्ये आम्हाला कोणी बोटही लावलं नव्हतं. पण वडील लांबवर ट्रक चालवायचे. दिल्लीच्या बातम्या ऐकून त्यांनी स्वतःचे आणि माझेही केस कापले. वर्गात बाईंनी काही न विचारता मला जवळ बसवलं, ते विसरलो नाही.

वडील गेल्यावर नांदेडला हजूर साहिबला गेलो. तिथं जाणवलं, वडिलांची भीती मी पन्नाशीपर्यंत डोक्यावर वागवतोय. त्यांचा राग नाही. त्यांनी मला जपलं. पण आता केस राखायचे ठरवलं. पगडी बांधायला तिथंच शिकलो.

मी परका झालो नाही. आपण शाळेत ज्यांचे अभंग म्हटले, त्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

नवस फिटतो, हे फिटायचं नाही. हजेरीतलं नाव मात्र तेच आहे. हाक मारत जा.