तीन नंबरचा बावटा

माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या बंदरावर गेलं. घरासमोर खाडी, पलीकडे बंदर कचेरी आणि तिच्या आवारात एक उंच काठी. माझ्या दादीला अक्षरओळख नव्हती. पण फजरची नमाज झाली की ती ओट्यावर यायची आणि आधी त्या काठीकडे बघायची. काठी मोकळी असेल तर मासळी उन्हात पडायची. तीन नंबरचा बावटा दिसला की मासळी घरात यायची आणि अब्बा होडी वर ओढून घ्यायचे.

आपण बावटा म्हणतो खरं, पण ते कापडी निशाण नसे. दिवसा काळे शंकू आणि नळकांडी, रात्री तांबडे-पांढरे दिवे. त्यांच्या मांडणीवरून धोका दूर आहे की दारात, हे कळायचं. ही बिनअक्षरांची भाषा आली कुठून, हे मला फार उशिरा, वाचनातून समजलं.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर चक्रीवादळ आलं. हुगळीतून समुद्राचं पाणी आत घुसलं. सुमारे साठ हजार माणसं गेली. ‘सायक्लोन’ हा शब्द त्याच शहरात राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ साली खलाशांसाठी लिहिलेल्या पुस्तकात रूढ केला होता. म्हणजे वादळाला नाव मिळालं होतं. त्याची वर्दी देणारं मात्र कोणी नव्हतं. ती सोय १८६५ मध्ये कलकत्ता बंदरात झाली. १८८० मध्ये ती मुंबईत आली आणि १८८६ पर्यंत देशातल्या सगळ्या बंदरांवर पोचली. यामागे खरी करामत तारेची. वादळ कितीही वेगात येवो, तार त्याच्या पुढे धावते.

पण काठीवरचा इशारा काठी दिसते तिथपर्यंतच. नोव्हेंबर १८८८ मध्ये मांडवीहून मुंबईला निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. बोटीवर विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. पण भर समुद्रात निरोप पोचवणारी बिनतारी यंत्रणा तेव्हा नव्हती. सातशेहून अधिक माणसं बुडाली. हाजी कासमच्या नावाने रचलेलं तिचं गुजराती लोकगीत आजही गायलं जातं.

आमच्या घरीही एकदा असंच झालं. धाकटे चाचा पहाटे निघाले आणि तासाभराने बावटा चढला. दादी ओट्यावरून ओढणी हलवत राहिली. ती कोणाला दिसणार? दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चाचा आले. दुसऱ्या एका खाडीत आसरा मिळाला होता. ते एवढंच म्हणाले, “अम्मा, काठी पाठीमागे राहते आणि आम्ही पुढे जातो.” त्या महिन्यात अब्बांनी उसने पैसे घेऊन ट्रान्झिस्टर आणला. कोळ्यांसाठीचा इशारा लागला की घरात कोणी बोलायचं नाही, हा दादीचा दंडक होता.

आणखी एक गोष्ट मला खटकत राहते. बावटा मुळात जहाजांसाठी होता. १८६४ मध्ये जी माणसं गेली, त्यांतली कितीतरी नदीकाठच्या झोपड्यांतली होती. त्यांच्यासाठी काठी कोणी उभारली नाही. त्या झोपडीच्या दारात इशारा पोचायला फार वर्षं गेली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. घरं गेली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. पण हजारो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवलं होतं.

बंदरावरच्या इशाऱ्यांत शेवटचा क्रमांक अकरा. त्याचा अर्थ, हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि इथल्या अधिकाऱ्याला धोका दिसतो आहे. बातमी आली नाही म्हणून संकट नाही, असं समजू नका, हे बजावण्यासाठीही त्या जुन्या माणसांनी एक खूण राखून ठेवली. दादीला हा अकरावा बावटा ठाऊक नव्हता. पण ट्रान्झिस्टर बंद पडला की ती पुन्हा ओट्यावर जाऊन आभाळाकडे बघत बसायची.