आधी त्याला चावू द्या

भुतांना न घाबरणाऱ्या पण पंख्याखालची खुर्ची सोडायला घाबरणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

मघाशी माझी ओळख करून देताना म्हटलं गेलं, "बाईंच्या कथेत भूत असलं तरी ते केवळ रूपक असतं." टाळ्याही पडल्या. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता, म्हणून मी गप्प बसले. आता माईक माझ्या हातात आहे. माझ्या येणाऱ्या कादंबरीत एक रक्तपिपासू आहे आणि एक माणूसलांडगा आहे. पहिला रक्त पितो आणि दुसरा नरडं फोडतो. रूपकाने आजवर कुणाचं नरडं फोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आज मला भांडायचं आहे, आणि परक्यांपेक्षा घरच्यांशी जास्त. परक्यांचं लवकर उरकते. पंचवीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती, भूत काढलंत तर छापू. मी काढलं. कथा छापून आली. माझ्या सगळ्या कथांमध्ये मुडदा म्हणावा अशी तेवढी एकच आहे. त्या संपादकांवर माझा राग नाही, माझ्यावर आहे. आजही आपल्यातले निम्मे लोक तेच करतात. रात्री हडळ लिहितात आणि सकाळी मुलाखतीत सांगतात, ती खरं तर स्त्रीच्या दडपलेल्या इच्छेचं प्रतीक आहे. अहो, असेलही. पण तिला आधी विहिरीवर येऊ तर द्या! अर्थ मागून चालत येतो, त्याला बोलवावं लागत नाही. पिशाच्चाला मात्र बोलवावं लागतं. त्याबद्दल शेवटी बोलते.

'ड्रॅक्युला' म्हटलं की सगळ्यांना काळा झगा आठवतो. तो पुढे नाटक-सिनेमाने ठसवला. तुम्ही ब्रॅम स्टोकरचं पुस्तक उघडा. स्टोकर हा लंडनच्या लायसिअम नाट्यगृहाचा व्यवस्थापक, हेन्री आयर्व्हिंगसारख्या मोठ्या नटाचा सगळा कारभार सांभाळणारा माणूस. त्याने १८९७ साली छापलेल्या या कादंबरीत टाइपरायटर आहे, लघुलिपी आहे, फोनोग्राफवर रोजनिशी बोलून ठेवणारा डॉक्टर आहे. कार्पेथियन डोंगरातल्या काउंट ड्रॅक्युलाच्या वाड्यात इंग्लंडचा तरुण वकील जातो कशाला? घरखरेदीचे कागद घेऊन. आणि एका संध्याकाळी काउंट त्याला दिसतो तो सोफ्यावर पडून इंग्लंडच्या आगगाड्यांचं वेळापत्रक वाचताना. काही शतकांपूर्वी मेलेला माणूस, आणि कुठली गाडी किती वाजता सुटते ते बघतोय! त्या अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात जास्त भीती त्या पानाची वाटते. हा शहरात येणार आहे आणि अभ्यास करून येणार आहे. मग लंडनजवळ पर्फ्लीटला जुनं घर, मातीने भरलेले पन्नास खोके, ते वाहून नेणारे हमाल, त्यांच्या पावत्या. नायकमंडळी त्याचा माग काढतात तो मंत्राने कमी आणि पावत्यांनी जास्त. जिला आज अर्बन फँटसी म्हणून वेगळ्या फळीवर ठेवतात, तिची सगळी बीजं या एका पुस्तकात आहेत.

आता घरच्यांकडे वळते. गेल्या दोन वर्षांत तुमच्यापैकी अनेकांनी मला हस्तलिखितं पाठवली. सगळी वाचली. त्यातल्या बहुतेकांत व्हॅम्पायर उन्हात जळून राख होतो आणि लेखकाला वाटतं हा अनादी नियम आहे. स्टोकरचा काउंट दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरतो. दिवसा त्याच्या शक्तीला मर्यादा पडतात, इतकंच. उन्हाने मरणारं पिशाच्च आणलं १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटाने. तो सिनेमा स्टोकरच्या बायकोला न विचारता काढलेला. तिने दावा लावला, आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती तरीही वाचल्या. आणि चोरीच्या सिनेमातला तो नियम आज आपण सोवळ्यात पाळतो!

व्हॅम्पायर विरुद्ध वेअरवुल्फ या भाऊबंदकीचंही तेच. स्टोकरचा काउंट लांडगे बोलावतो आणि स्वतः लांडगा होतो. व्हिटबीच्या किनाऱ्याला जहाज लागतं तेव्हा त्यातून उडी मारून पळतो तो एक दांडगा कुत्रा. दक्षिण स्लाव लोकांच्या भाषेत वुकोद्लाक हा शब्द मुळात लांडग्याच्या केसांशी जोडलेला, आणि पुढे तो रक्त पिणाऱ्या मुडद्याला लागला. म्हणजे एकाच नावाने वावरलेली ही दोन भुतं. लेदरचे कोट घालून दोन टोळ्या एकमेकींवर बंदुका रोखतात त्या २००३ च्या 'अंडरवर्ल्ड' सिनेमातल्या. त्या उचलायला माझी हरकत नाही. फक्त कुठून उचलल्या ते उचलणाऱ्याला ठाऊक असावं.

"पण हे सगळं परदेशी!" हा आक्षेप दरवर्षी कुणीतरी घेतं, यंदा सकाळच्या सत्रातच घेऊन झाला. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीतल्या गोष्टी इंग्रजीत नेल्या आणि पुस्तकाच्या नावातच वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं. आमचा वेताळ, म्हणजे वेतोबा, सिंधुदुर्गात आरवलीला उभा आहे, जयवंत दळवींच्या गावात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. तिथल्या एखाद्या आजीला सांगून बघा की तुमचा वेतोबा व्हॅम्पायर आहे. मी सांगणार नाही, मला पुन्हा त्या गावात जेवायचं आहे. सांगायचं इतकंच की उसनवारी दोन्हीकडून झाली आहे. नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून बेतलेली आहे, यात कुजबुजण्यासारखं काय आहे? 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' आली तेव्हा आपण भाषेचा विजय म्हणालो. धारपांच्या वेळी मात्र उचलेगिरी? ज्या वाचनालयांत धारपांच्या पुस्तकांची बांधणी तीन-तीनदा करावी लागली, त्यांच्या ग्रंथपालांना विचारा, कोणाची पुस्तकं फळीवर टिकत नसत.

आणि एक गोष्ट खास पुरुष मित्रांसाठी. गेल्या पन्नास वर्षांत अर्बन फँटसीचा हा प्रकार ज्यांनी उभा केला त्यांत बायका किती आहेत ते मोजा. ॲन राइसची पाच वर्षांची मुलगी १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. १९७६ मध्ये राइस बाईंची पहिली कादंबरी आली. त्या कादंबरीत पाच वर्षांची एक पोर व्हॅम्पायर होते आणि मग वर्षानुवर्षं तिचं शरीर वाढतच नाही. मन बाईचं, हात पोरीचे. राइस बाईंनी तिथे दुःखावर व्याख्यान दिलेलं नाही. व्हॅम्पायर वाढत नाही हा नियम घातला आणि तो शेवटपर्यंत निर्दयपणे पाळला. १९९३ मध्ये लॉरेल हॅमिल्टनने अशी अमेरिका लिहिली जिथे व्हॅम्पायरांना कायद्याने हक्क मिळालेत. २००१ मध्ये शार्लेन हॅरिसने बाटलीतलं कृत्रिम रक्त बाजारात आणलं आणि दक्षिणेतल्या एका खेड्यातल्या बारमध्ये व्हॅम्पायर उघडपणे गिऱ्हाईक म्हणून येऊन बसला. २००६ मध्ये पॅट्रिशिया ब्रिग्जची नायिका फोक्सवॅगन दुरुस्त करणारी मेकॅनिक, शेजारी लांडग्यांच्या टोळीचा म्होरक्या, आणि दोघांचं भांडण कशावरून, तर तिने अंगणात ठेवलेल्या भंगार गाडीवरून. याला कुणी टाइमपास म्हणत असेल तर म्हणो. शेजाऱ्यासोबत राहायचे नियम कोण ठरवतं, हा प्रश्न आमच्या किती सामाजिक कादंबऱ्यांनी इतक्या थेट विचारलाय?

माझ्या कादंबरीबद्दल आयोजकांनी दोन शब्द बोलायला सांगितलंय. ती पुण्यात घडते. माझा माणूसलांडगा सासवडच्या बाजूच्या माळरानावरून आलेला आहे. तिथे धनगरांच्या वाड्यावर लांडगा पिढ्यानपिढ्या येतो, आणि मेंढरू नेलं तरी त्याला गाठून मारायचंच, असं सगळेच धनगर करत नाहीत. आता माळ संपत चाललाय. पुण्याभोवतीच्या माळरानांवर लांडगा आणि भटकी कुत्री यांचा संकर झाल्याचं अभ्यासकांनी जनुकीय तपासणीतून दाखवून दिलंय. मला चांदीची गोळी नको, पौर्णिमाही नको. माझा माणूस या भीतीने झोपत नाही की एका रात्री तो बदलेल आणि लांडगा होण्याऐवजी कुत्रा होईल.

रक्तपिपासूने मात्र मला आठ महिने अडवून ठेवलंय. स्टोकरचा नियम असा की घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा उंबरा ओलांडू शकत नाही, नंतर मात्र मोकळा. आता पुण्यातली हाउसिंग सोसायटी घ्या. गेटवर वॉचमन फोनच्या ॲपवरून विचारतो आणि वर कुणीतरी पोळ्या लाटता लाटता हो म्हणून बटण दाबतं. हे आमंत्रण धरायचं का? की फ्लॅटच्या दारात पुन्हा विचारायला हवं? आणि फ्लॅट भाड्याचा असेल तर? अकरा महिन्यांचा करार केलेल्या मुलीने 'या' म्हटलं तर चालतं, की मालकच हवा? ज्या मुलीला आडनाव ऐकून आधी चार सोसायट्यांनी जागा नाकारली, तिच्या शब्दाने दार उघडतं का? स्टोकरने एक निकाल देऊन ठेवलाय. वेड्यांच्या इस्पितळात काउंटला आत घेतो तो तिथला रुग्ण रेनफिल्ड. घर त्याचं नाही, तो तिथे कोंडलेला आहे, पण त्याचं बोलावणं पुरतं. मग माझ्या भाडेकरूचंही पुरायला हवं. पण सोसायटीच्या सेक्रेटरीला हे मान्य नाही, निदान माझ्या सेक्रेटरीला तरी नाही, आणि ते पात्र आता माझं ऐकेनासं झालंय.

सभागृहात सहकारी सोसायट्यांचे दोन-तीन पदाधिकारी आहेत असं कळलं. ज्यांच्याकडे उपविधींची प्रत असेल त्यांनी चहाच्या वेळी मला गाठावं. पाहुण्यांबद्दलचं कलम मला नीट वाचायचं आहे.